चाळक्यांच्या गाडीचा ताप

सानपाड्याच्या पुलाखाली नंदकुमार चाळक्यांची लालभडक ब्रॉनहाइम थांबली, तेव्हा बारशाचा मुहूर्त वीस मिनिटांवर आला होता आणि बाळाची आत्या गाडीतच होती.

आत्या म्हणजे जयमाला, नंदकुमारांची बायको. वाशीला तिच्या धाकट्या भावाकडे सगळे तिचीच वाट पाहत होते, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. जुईनगरहून वाशी म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण एका टेम्पोच्या मागे गाडी गोगलगायीसारखी सरकत असताना आत कुठंतरी घंटी वाजली आणि समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली. गिअरबॉक्स तापला आहे, गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा आणि वाट पाहा, असा त्यांचा अर्थ होता. गाडीनं तो अर्थ स्वतःच अमलात आणला आणि मधल्या लेनमध्ये बसकण मारली.

"तापायला त्यानं केलं काय?" जयमालानं विचारलं. "आपण अजून सानपाडासुद्धा ओलांडला नाही."

"थांबा म्हणतेय."

"किती वेळ?"

"ते लिहिलेलं नाही."

नंदकुमार एका शिपिंग कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं तपासायचे. आयुष्यभर त्यांनी साध्या, समजूतदार गाड्या चालवल्या. पण एक्कावन्नाव्या वर्षी शोरूमच्या काचेआड ही उभी दिसली आणि त्यांचा तोल गेला. 'शून्य ते शंभर अवघ्या सहा पूर्णांक नऊ सेकंदांत' असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. गाडी घेऊन चार महिने झाले होते. शंभर अजून एकदाही लागलं नव्हतं. शून्य मात्र रोज लागत होतं.

जयमालानं घड्याळ पाहिलं, पैठणीचा काठ सावरला आणि दार उघडून सरळ रिक्षाला हात केला. तरी ती पोचेपर्यंत अकरा मिनिटं उशीर झाला आणि तेवढ्यात बाळाच्या मावशीनं पुढं होऊन 'पार्थ' हे नाव बाळाच्या कानात सांगून टाकलं. "मुहूर्त टळत होता हो वन्सं," भावजय म्हणाली. जयमाला हसली. ते हसू नंदकुमारांनी पाहिलं असतं, तर ते त्या दिवशी घरी गेले नसते.

ते अजून पुलाखालीच होते. तासाभरानं कळंबोलीहून गाड्या उचलून नेणारा एक सपाट पाठीचा ट्रक आला आणि त्यातून बाजीराव म्हात्रे उतरले. बाजीराव मूळचे तळवलीचे, पोट पुढं, कानात भिकबाळी. त्यांच्या बोलीत गाडीची 'गारी' होते आणि 'ळ'चा 'ल'.

"काय झाला चालकेसाहेब?"

"गिअरबॉक्स तापलाय."

बाजीरावांनी बॉनेटवर हात ठेवला, नाडी पाहिल्यासारखा. "नाव गारी, आन आंगान ताप! कंपनी कंची?"

"ब्रॉनहाइम."

"बारमाही?"

"ब्रॉन-हाइम. परदेशी आहे."

"भर पावसान तापली म्हंजी नाव बराबर हाय. बारमाही."

बारशाच्या पंगतीला नंदकुमार पोचले ते असे, ट्रकच्या केबिनमध्ये बाजीरावांच्या शेजारी बसून, मागं पाठीवर लाल गाडी. सोसायटीतली पोरं टाळ्या वाजवत होती. सासुरवाडीच्या मंडळींना आधी वाटलं, जावयानं गाडी बाळाला भेट आणली.

दुसऱ्या दिवशी नंदकुमार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथं त्यांना ऋषी नावाचा सल्लागार भेटला. गुळगुळीत दाढी, हातात टॅबलेट, आणि कुठलीही तक्रार ऐकताना चेहऱ्यावर अभिनंदनाचे भाव.

"सर, आधी कॉफी?"

"आधी गिअरबॉक्स."

"शुअर सर. पण एक सांगू? हा प्रॉब्लेम घेऊन आलेले तुम्ही पहिलेच कस्टमर आहात."

नंदकुमारांना क्षणभर उगाचच बरं वाटलं. गाडी तीन दिवस सर्व्हिस सेंटरला राहिली. सकाळी सहा वाजता, पामबीच रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, ती चाळीस किलोमीटर पळवण्यात आली आणि अहवाल मिळाला: दोष आढळला नाही.

"दोष गर्दीत येतो," नंदकुमार म्हणाले. "गर्दीत चालवून बघा."

"सर, ही परफॉर्मन्स कार आहे. तिला मोकळा रोड आवडतो."

"मलाही आवडतो. पण मी जुईनगरला राहतो."

ऋषीनं हे टॅबलेटवर टिपून घेतलं आणि ड्रायव्हिंग शैली सुधारण्याबद्दल सूचनांचा एक रंगीत कागद दिला. गर्दीत पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर ठेवा. इंचाइंचानं सरकू नका, जागा झाली की एकदम पुढं जा. थांबलात की न्यूट्रल करा. शक्य तेव्हा एसी बंद ठेवा.

नंदकुमार आज्ञाधारक माणूस. त्यांनी तुर्भे नाक्याला दोन गाड्यांचं अंतर ठेवलं. त्या अंतरात आधी दोन रिक्षा आल्या, मग एक 'छोटा हत्ती' टेम्पो, मग पाण्याचे जार नेणारी सायकल. नंदकुमारांनी पुन्हा अंतर ठेवलं, पुन्हा ते भरलं. अशा रीतीनं पुढं जाण्याऐवजी ते हळूहळू मागं चालले होते. शेजारी जयमाला एसी बंद असल्यामुळे शाळेतून तपासायला आणलेल्या घटक चाचणीच्या पेपरांनी वारा घेत होती. मागच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, गाडी चालवताय का पूजा घालताय?"

त्याच ठिकाणी घंटी वाजली. दुसऱ्यांदा बाजीराव आले. तिसऱ्यांदा कळंबोलीच्या सर्कलला, लोखंड भरलेल्या ट्रेलरांच्या मधोमध. चौथ्या वेळेपर्यंत बाजीरावांना चाळक्यांच्या घरातल्या चहात किती साखर असते ते पाठ झालं होतं आणि जयमाला त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करू लागली होती.

"या आठवड्यान तुमची पाचवी बारमाही उचलली," बाजीराव बशीत चहा ओतत म्हणाले.

"पाचवी कशी? मी तर पहिलाच आहे. ऋषी म्हणाला."

"सगलेच पयले हायेत, साहेब. खारघरचा दातांचा डाक्टर पयला, नेरूलचा वकील पयला. मीच येकला हाय जो पाचव्यांदा जातो."

बाजीरावांकडे सगळ्या पहिल्यांचे नंबर होते. दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉनहाइमच्या त्रेचाळीस मालकांचा ग्रुप उभा राहिला. प्रत्येकाला घंटी वाजली होती, प्रत्येकाला रंगीत कागद मिळाला होता आणि प्रत्येकाच्या मेलला तेच उत्तर आलं होतं: आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. नंदकुमारांना आलेल्या उत्तरात तर वर 'प्रिय श्री. डिसोझा' असं होतं. डिसोझांनी ग्रुपवर विचारलं, मग मला 'प्रिय श्रीमती कुलकर्णी' का आलं?

इकडे जयमालाचा संयम संपत आला होता. ती शाळेत गणित शिकवायची आणि गोष्टी पायरी-पायरीनं मांडायची.

"यंदा गावच्या घरी मूर्ती न्यायची पाळी आपली. बरोबर?"

"बरोबर."

"वाटेत पेणला मूर्ती घ्यायची. पुढं वडखळ, माणगाव. गणपतीत तिथं काय असतं?"

"गर्दी."

"या गाडीला सानपाडा झेपला नाही. आता गणपती वडखळला बसवायचे का?"

नंदकुमारांनी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मूर्ती घरात पोचली पाहिजे. नाही पोचली तर तुमचे दादा पुढची वीस वर्षं तेच बोलतील. गणपतीपर्यंत ही नीट झाली नाही, तर मी मूर्ती मांडीवर घेऊन एसटीनं जाईन. तुम्ही बसा हिला वारा घालत." मग तिनं तोडगाही सांगितला. "पहाटे चालवून ते म्हणतात दोष नाही. मग त्यांचा माणूस गाडीत बसवा आणि गर्दीत न्या. त्याच्या डोळ्यांदेखत तापू दे."

त्रेचाळीस जणांनी एकाच दिवशी एकच मेल पाठवला, तेव्हा कंपनी हलली. पुण्याहून एक इंजिनिअर बाई येतील आणि श्री. चाळके यांच्यासोबत संयुक्त चाचणी घेतील, असं कळवण्यात आलं. दोष त्यांच्यासमोर आला तरच तो ग्राह्य धरला जाईल. तारीख ठरली, ऑगस्टमधला एक बुधवार, सकाळी दहा. बुधवारी सकाळी दहाला तुर्भ्याला काय असतं हे नंदकुमारांना माहीत होतं. ते मंगळवारी शांत झोपले.

मंगळवारी संध्याकाळीच कुणीतरी कुणाबद्दल तरी काहीतरी बोललं होतं, त्यामुळे कुणाच्या तरी भावना दुखावल्या होत्या आणि एका पक्षानं बुधवारी नवी मुंबई बंदची हाक दिली होती.

सकाळी नंदकुमार खाली उतरले तर रस्ता धुऊन पुसून ठेवल्यासारखा. पुण्याच्या इंजिनिअर गीतांजली देवस्थळी वेळेवर हजर होत्या. तिशीतल्या, बारीक, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लॅपटॉपची वायर गाडीला जोडली आणि म्हणाल्या, "चला, कुठं तापते दाखवा."

सानपाडा रिकामं. तुर्भे रिकामं. एपीएमसी मार्केटच्या दारात, जिथं एरवी कांद्याच्या ट्रकांमधून माणूस आडवासुद्धा जाऊ शकत नाही, तिथं दोन गाई बसल्या होत्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तर शेवटपर्यंत नजर जात होती. नंदकुमारांचा पाय नकळत खाली गेला. गाडीनं एक खोल श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि त्यांची पाठ सीटला चिकटली. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा काटा शंभरला टेकला. नंदकुमारांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी देखणी, इतकी गुणी गाडी! आणि मग त्यांना आठवलं की आज तिचे गुण दाखवायचे नव्हते.

"तापमान चौऱ्याऐंशी," गीतांजली लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या. "उत्तम आहे की."

"मॅडम, थांबा जरा. ही तापते. खरंच तापते. रोज तापते." पाहुण्यांसमोर कविता म्हणायला तयार नसलेल्या मुलाच्या बापासारखा त्यांचा आवाज झाला होता.

"माझी दोनची परतीची गाडी आहे, सर. तोवर नाही तापली तर मला 'दोष आढळला नाही' असंच लिहावं लागेल."

घणसोलीजवळ नंदकुमारांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून बाजीरावांना फोन लावला.

"बाजीराव, मला ट्रॅफिक पाहिजे."

"कवरा पायजे?" बाजीरावांनी भाजीवाल्याच्या सहजतेनं विचारलं.

"अर्धा तास पुरे. दाट. पण सरकता हवा, पूर्ण थांबलेला नको."

"कंदी?"

"आत्ता."

"या तलवलीला. बंद हाय, सगल्या गाऱ्या गावानच उब्या हायेत."

ते तळवलीच्या रस्त्याला वळले, तोवर मागणी पुरवली गेली होती. सर्वांत पुढं बाजीरावांचा ट्रक, त्यामागं दोन डंपर, एक पाण्याचा टँकर, दहा-बारा रिक्षा, दुधाचा टेम्पो आणि रस्ता दाबायचा एक रोलर. रोलर कुठून आला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ब्रॉनहाइम बरोबर मध्ये घेतली गेली आणि ती वरात गावाच्या एकमेव रस्त्यावरून माणसाच्या चालीनं सरकू लागली. बाया दारात येऊन बघत होत्या. एका आजीनं गाडीला हळदकुंकू लावलं.

गीतांजलींनी आजूबाजूला पाहिलं. "हा नेहमीचा ट्रॅफिक आहे?"

"याहून वाईट असतो," नंदकुमार म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

शहाण्णव. एकशे पाच. एकशे अठरा. आकडे चढत होते आणि नंदकुमार परीक्षेच्या निकालासारखे ते ऐकत होते. तेवढ्यात समोरून झेंडे लावलेल्या आठ मोटारसायकली आल्या. बंद असताना तळवलीत वाहनं फिरताहेत अशी खबर पक्षाला लागली होती. पुढं होता पक्षाचा शहर उपप्रमुख कृष्णात, मूळचा साताऱ्याकडचा, गळ्यात उपरणं.

"कुणी चालवलंय हे?" तो गरजला.

रिक्षावाल्यांनी बाजीरावांकडे बोट दाखवलं. बाजीरावांनी नंदकुमारांकडे दाखवलं. कृष्णात ताडताड चालत लाल गाडीपाशी आला. त्यानं पुढं डंपर पाहिले, मागं रोलर पाहिला, दोन्ही बाजूंनी गच्च झालेला रस्ता पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आरं, हे चालवलेलं न्हाई, हे तर अडवलंय!" त्यानं नंदकुमारांना गाडीतून ओढून मिठी मारली. "सायेब, सकाळधरनं शहर फिरतुया. दोन टायर जाळलं की आमची पोरं घरी जातात. ह्यो असला रस्ता रोको कुठंच न्हाई बघा!" त्यानं स्वतःचं उपरणं नंदकुमारांच्या गळ्यात घातलं, त्यांना पुन्हा गाडीत बसवलं आणि कार्यकर्ते गाडीपुढं मांडी घालून बसले.

आता मात्र ट्रॅफिक खरा झाला. कार्यकर्ते अधूनमधून वीतभर पुढं सरकत, गाडीही वीतभर सरके. एकशे एकतीस. एकशे चाळीस. आणि घंटी वाजली. पिवळी अक्षरं झळकली. गाडी बसली.

नंदकुमारांनी दारातून बाहेर येऊन दोन्ही हात आकाशाकडे फेकले. "तापली! तापली!"

पुढच्या कार्यकर्त्यानं मुठी आवळल्या. "तापली, तापली!"

मागून पन्नास कंठांनी साथ दिली, "जनता तापली!"

या गदारोळात गीतांजलींनी शांतपणे लॅपटॉपवरचा आकडा जपून ठेवला आणि नंदकुमार आत येऊन बसल्यावर काच वर केली.

"सर, मला हे माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"या गिअरबॉक्समध्ये क्लच स्वतः गाडीच घट्ट-सैल करते. गर्दीत ते सारखं चालतं, घर्षण होतं, उष्णता होते. ती बाहेर काढायला तेल थंड करणारा एक कूलर असतो. मूळ गाडीत मोठा होता. भारतात आणताना लहान केला, किंमत बसवायला. 'इथं मोठा लागेल' असं मी तीन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं."

"मग?"

"माझ्या मेलला उत्तर आलं, तुमचा अभिप्राय मोलाचा आहे."

दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला. गळ्यात उपरणं, हात उंचावलेले, तोंड वासलेलं. खाली ओळ होती: तळवलीत संतप्त नागरिक रस्त्यावर. ऑफिसात साहेबांनी नंदकुमारांना बोलावून विचारलं की निवडणुकीला वॉर्ड कुठला धरताय.

पण काम झालं होतं. गीतांजलींनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि आठ दिवसांत कंपनीचं पत्र आलं. दोष मान्य करण्यात आला होता. त्यावर उपाय म्हणून नवं सॉफ्टवेअर तयार होतं, सर्व ग्राहकांसाठी विनामूल्य. ऋषीनं गुच्छ दिला, केक कापला, नंदकुमारांना केकचा तुकडा भरवला. वीस मिनिटांत अपडेट झालं.

नंदकुमारांनी त्याच शुक्रवारी संध्याकाळी गाडी शिळफाट्याच्या कोंडीत घातली. तास झाला, सव्वा तास झाला. घंटी नाही, पिवळी अक्षरं नाहीत. ते घरी आले ते पेढे घेऊनच. जयमालानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मग सोमवारी निघू या. मूर्ती मागच्या सीटवर बसेल ना?"

सोमवारी पहाटे ते निघाले. पेणला शाडूची दीड फुटी मूर्ती घेतली, पट्टा लावून नीट बसवली. वडखळच्या अलीकडे गर्दी सुरू झाली. नंदकुमारांनी एसी चालू ठेवला, इंचाइंचानं सरकले, कुणाहीपासून कसलंही अंतर ठेवलं नाही. आयुष्यात इतकं सुख त्यांना क्वचितच मिळालं होतं.

"काहीतरी करपल्याचा वास येतोय," जयमाला म्हणाली.

"हॉटेलातून येत असेल."

"इथं हॉटेल नाहीये."

पडदा स्वच्छ होता. घंटी वाजली नव्हती. मग खालून पांढरा धूर आला, 'खट्' असा एक आवाज झाला आणि गाडी थांबली. यावेळी तिनं काहीही सांगितलं नाही. नंदकुमारांनी ऋषीला फोन लावला.

"सर, स्क्रीनवर काही मेसेज आहे?"

"नाही. पण धूर येतोय!"

"मेसेज नाही ना, सर? मग सिस्टिमप्रमाणे गाडी ओके आहे."

त्यांनी गीतांजलींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, सॉफ्टवेअरमधून कूलर कसा मोठा होणार? त्यांनी फक्त तो इशारा बंद केलाय." मग त्या हळूच म्हणाल्या, "मी परवा राजीनामा दिला."

जयमाला हे सगळं ऐकत होती. ओरडावं असं तिला वाटलं होतं, पण तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ती ओरडली नाही. स्वतःचा फोन काढून तिनं बाजीरावांना लावला.

"वयनी, मी वडखललाच हाय," बाजीराव म्हणाले. "ते अपडेट झाल्यापासना कलंबोलीला जातोच कवा? येक वकील उतरवून येतो."

अर्ध्या तासात ते आले. गाडी ट्रकच्या पाठीवर चढली. प्रश्न उरला मूर्तीचा. करपलेल्या गाडीत देव ठेवायला जयमाला तयार नव्हती, आणि केबिनमध्ये बाजीरावांच्या शेजारी एकच जागा होती. मग गणपती केबिनमध्ये पुढच्या सीटवर बसले आणि चाळके पतीपत्नी वर ब्रॉनहाइममध्ये. गिअरबॉक्स गेला होता, पण इंजिन चालू होत होतं, त्यामुळे एसी लागला.

तो प्रवास नंदकुमार कधी विसरले नाहीत. गाडी उंचावर असल्यामुळे वारा होता, दोन्ही बाजूंची हिरवी भातशेतं दिसत होती. कोलाडच्या कोंडीत लोक मान वर करून बघत होते. माणगावनंतर जयमालानं घावनांचा डबा उघडला. कशेडीच्या आसपास तिला झोप लागली, डोकं नवऱ्याच्या खांद्यावर. नंदकुमारांनी तेवढ्या वेळात कंपनीला एक लांबलचक मेल लिहिला, ज्यात 'फसवणूक' हा शब्द सात वेळा होता. दिवेलागणीच्या आधी ट्रक चिपळूणजवळच्या त्यांच्या गावात शिरला. केबिनमधून वाजतगाजत गणपती उतरले. दादांनी वर बघून विचारलं, "नंद्या, तू वर काय करतोयस?"

परतीचा रस्ता तुंबलेला होता, म्हणून बाजीराव चतुर्थीला तिथंच राहिले. दुपारी पंगत बसली. बाजीरावांच्या पानात नववा मोदक पडत असताना नंदकुमारांच्या फोनवर कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

'आपल्या तक्रारीची आम्ही गांभीर्यानं दखल घेतली आहे. आपल्या गाडीतून थेट मिळालेल्या माहितीनुसार काल आपण वडखळ ते चिपळूण हे एकशे सत्तर किलोमीटरचं अंतर, सणाच्या तीव्र गर्दीत, गिअरबॉक्सचं तापमान एकदाही न वाढता पार केलं आहे. या मॉडेलनं अशी कामगिरी प्रथमच नोंदवली आहे. त्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. आपली ड्रायव्हिंग शैली आदर्श असून आपण इतर ग्राहकांना मार्गदर्शन करावं, ही विनंती.'

जयमालानं तुपाची वाटी खाली ठेवली.

"कळवा त्यांना," ती म्हणाली, "शैली बाजीरावांची आहे."

नंदकुमारांनी हात धुतले आणि दोन ओळींचं उत्तर पाठवलं: काल गाडी श्री. बाजीराव म्हात्रे यांनी नेली. मार्गदर्शनासाठी त्यांचा नंबर सोबत देत आहे.

त्यात थट्टा असेल अशी शंका कंपनीत कुणाला आली नाही. पुढच्या सोमवारी सर्व मालकांना कंपनीचा मेल गेला: गर्दीतल्या प्रवासासाठी ब्रॉनहाइमचे अधिकृत ड्रायव्हिंग तज्ज्ञ, श्री. म्हात्रे. नंदकुमार ऑफिसात कागद तपासत होते, तेव्हा बाजीरावांचा फोन आला. आवाज जरा घाबरा होता.

"साहेब, सकालपासना तेवीस फोन झाले. आता खारघरचा डाक्टर लाइनीवर हाय. इचारतो, गर्दीन गिअर कंचा ठेवू? काय सांगू?"

नंदकुमारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सांगा, पार्कमध्ये ठेवा. आणि ट्रक येईपर्यंत एसी लावून बसा."